सोंड आखूड झाली आणि रुपया परत गेला



चांदीचा भाव चढला की घरोघरी जुने डबे उघडतात. राणीछाप, राजाछाप रुपये बाहेर येतात, सराफाकडे वजन होतं आणि त्यांचं निरांजन किंवा पूजेची वाटी होते. व्यवहार म्हणून त्यात वावगं काही नाही. पंचम जॉर्जच्या वेळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. हिशेब सरळ आहे. पण मुशीत टाकण्याआधी त्यावरचं साल वाचा. १९११ दिसलं तर जरा थांबा.

सातवा एडवर्ड मे १९१० मध्ये वारला आणि पंचम जॉर्ज गादीवर आला. नव्या राजाच्या मुखवट्याचे रुपये १९११ साली कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळीत पाडले. मुंबईच्या नाण्यावर मागच्या बाजूला खाली कमळाजवळ बारीक टिंब असतं, कलकत्त्याच्या नाण्यावर नसतं. राजाच्या अंगावरच्या शाही पोशाखात एक इवलासा हत्ती होता. कोरणाऱ्याच्या हातून त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके झाले की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात मोठा संताप झाला, कारण डुक्कर त्यांना निषिद्ध. रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयाच्या माहितीतही ही हकीकत दिली आहे. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी सात लाखांच्या आसपासच बाजारात गेले होते. सरकारने उरलेले अडवून आटवले. १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड लांब, स्पष्ट झाली. संग्राहक आजही १९११ च्या नाण्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. त्या सालच्या अधेली, पावली आणि चांदीच्या दोन आण्यांवरही तोच हत्ती आहे.

बाहेरच्यांना हे क्षुल्लक कारणावरून झालेलं भांडण वाटेल. आपल्याला वाटू नये. मंदिरात मूर्ती सारख्याच दिसतात, आपण खाली आसनावरचं लांछन बघतो. हत्ती असेल तर अजितनाथ, वराह असेल तर विमलनाथ. शिल्पकाराच्या छिन्नीने सोंड थोडी आखूड केली तर आपण दुसऱ्याच भगवंतांचं नाव घेऊन नमस्कार करू! छोट्या चिन्हावर केवढं अवलंबून असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याकडे वराह लांछन म्हणून पूज्य, त्यांच्याकडे निषिद्ध; आणि रुपया मात्र दोघांच्या हातात फिरणारा.

आता जमवणाऱ्यांच्या भाषेत हा दोष ठशातला. त्यांच्या जगात दोषांचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं मोल वेगळं. ठशातच चूक असेल तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती उतरते. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. खरवडल्याची रेघ मात्र खोल असते. बोट फिरवलं तरी फरक कळतो. दुसरा प्रकार छापतानाचा. कोरी चकती सरकली की चित्र एका बाजूला जातं. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, आत दबलेली छाप पडते, आरशात बघावी तशी. असं नाणं एकेकटं निसटतं, म्हणून हौशी माणसं त्याच्यामागे लागतात.

शिवराईला मात्र हा हिशेब लावू नका. त्या काळी हातोड्याने नाणी पाडत आणि ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून एकीवर ‘श्री राजा’ पुरतं दिसतं तर ‘शिव’ अर्धं कापलं जातं. शिव, सिव, सीव अशी अक्षरंही वेगवेगळी मिळतात. ती तेव्हाची रीतच होती. अर्ध्या अक्षरांची शिवराई ‘दुर्मीळ चूक’ म्हणून कुणी महाग विकत असेल तर हात जोडून पुढे चला.

तसंच फोनवर येणाऱ्या ‘एका नाण्याचे लाखो रुपये’ या निरोपांचं. आपलं नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीत फसवणूक होते, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. आधी कमिशन मागणारा खरा गिऱ्हाईक नसतो, एवढं आपल्यासारख्या घरखर्च सांभाळणाऱ्या बायकांना कळायलाच हवं.

आणि डब्यात १९११ सापडलाच, तर दिवाळीच्या उत्साहात चिंच-रांगोळी लावून घासू नका. बारीक कोरीव काम आधी झिजतं, आणि त्यात पहिला जातो तो हत्तीच. नाणं कडेला धरा, सुती कापडावर ठेवा, उजेडात भिंग घेऊन राजाच्या छातीवरची नक्षी बघा. मग सुनेला दाखवा आणि नेमका कोणता प्राणी दिसतो ते तिला विचारा.