बेशुद्धाचे मौन आणि शुद्धीवरचा नकार : मुंबई, १८९६

१/ रुग्ण ‘नाही’ म्हणाला, तर त्याला बळाने रुग्णालयात न्यावे काय? हा प्रश्न मुंबईपुढे प्लेगने उभा केला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले.

२/ कायदा मुका नव्हता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ९२ चे उदाहरण पाहा : घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्याची कवटी शल्यवैद्याने सद्‌भावनेने उघडली, तर तो गुन्हा नव्हे. ही मुभा संमती मिळवणे अशक्य असेल तेव्हाचीच.

३/ प्लेगचा रुग्ण मात्र पुष्कळदा शुद्धीवर असे. ६ ऑक्टोबरच्या अधिसूचनेने पालिका आयुक्त स्नो यांनी त्याला सक्तीने हलवण्याचा अधिकार घेतला.

४/ रुग्णालय म्हणजे बाटणे, ताटातूट आणि मरण, ही लोकांची धास्ती. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लगोलग सक्ती शिथिल झाली.

५/ १८९७ च्या साथरोग कायद्याने ती परतली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात १२ वर्षांच्या एका जुलाहा मुलीला नेण्याच्या प्रयत्नातून दंगल उसळली.

६/ दरम्यान निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली. तेथे माणसे आपली होती, अन्न आपले होते. भीती ओसरू लागली.

७/ साथीत एकाचा नकार इतरांच्या जिवाशी निगडित असतो, हे खरेच. तरीही बेशुद्धाच्या मौनाला लागू असलेली मुभा शुद्धीवरच्या नकाराला लावता येत नाही. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही जीव वाचवण्याची निकड नसताना रुग्णाची संमती अनिवार्य ठरवली.