पिंपरीचे विरजण : पेनिसिलीनच्या टाकीत नेमके काय घडते?

पुणे-मुंबई रस्त्यालगतचा 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स'चा कारखाना पिंपरीकरांच्या तोंडी 'एच. ए.' एवढ्याच नावाने आहे. मोटारी, स्कूटर आणि सुट्या भागांच्या कारखान्यांनी हा परिसर गजबजण्यापूर्वी, औद्योगिक विकास महामंडळाची 1962 मध्ये स्थापना होण्याच्याही आठ वर्षे आधी, 10 मार्च 1954 रोजी ही कंपनी अस्तित्वात आली. सार्वजनिक क्षेत्रातील देशातील ही पहिली औषधनिर्माण कंपनी. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात 1955 मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ लोखंडापासून नव्हे, तर बुरशीपासून झाला, असे म्हणता येते.

पेनिसिलीन हे किण्वनातून मिळते. बिअर, पाव, दही आणि पेनिसिलीन यांचे कूळ एकच. सूक्ष्मजीवाला अन्न द्यायचे, त्याला मानवेल असे तापमान राखायचे आणि त्याच्याकडून हवे ते करवून घ्यायचे. बिअर करणारा यीस्ट थेट मोठ्या भांड्यात न टाकता आधी थोड्या पातळ माल्टच्या काढ्यात वाढवून घेतो. जोमदार पेशी पुरेशा संख्येने पडल्या, तर त्या काढ्याचा ताबा लवकर घेतात आणि आगंतुक जंतूंना वाव उरत नाही. घरी दह्याचे विरजण निगुतीने जपणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पेनिसिलीनचे विरजण मात्र अधिक नाजूक असते. 'पेनिसिलियम क्रायसोजेनम' या बुरशीचे निवडक वाण बीजाणूंच्या रूपात, गोठवून सुकवलेल्या अवस्थेत, बंद कुप्यांत जपले जाते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये सापडलेल्या बुरशीपासून मिलिलिटरमागे जेमतेम दोन युनिट पेनिसिलीन मिळत असे. पुढे 1943 मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उत्पादक वाण सापडले. क्ष-किरण, अतिनील किरण आणि निवड यांच्या आधारे त्याच्या वंशजांची क्षमता वाढत जाऊन आज मिलिलिटरमागे 50 हजार युनिटच्याही पलीकडे पोहोचली आहे. एवढी कमाई एका कुपीत सामावलेली असते. तेच वाण पुन:पुन्हा वाढवत राहिले, तर त्याची उत्पादकता घसरते. म्हणून दर वेळी मूळ साठ्यातील कुपी फोडून नव्याने आरंभ करावा लागतो.

कुपीतील बीजाणू प्रथम काचपात्रात, मग लहान बीजटाकीत वाढवतात. तेथे एक-दोन दिवसांत बुरशीच्या तंतूंचे दाट जाळे तयार झाले, की ते मुख्य टाकीत सोडतात. मुख्य टाकीच्या साधारण दहावा हिस्सा एवढे हे विरजण असते. मुख्य टाकी हजारो लिटरची. त्यातील मक्याचा अर्क, साखर आणि क्षार यांचे मिश्रण 121 अंश सेल्सिअसच्या वाफेने आधीच निर्जंतुक केलेले असते.

यीस्ट आणि ही बुरशी यांच्यातला खरा फरक येथे दिसतो. बिअरच्या यीस्टला आरंभी थोडा प्राणवायू पुरतो. पुढे हवेचा शिरकाव हानीच करतो. पेनिसिलीनची बुरशी हवेवाचून गुदमरते. त्यामुळे निर्जंतुक हवा सतत टाकीच्या तळाशी सोडावी लागते आणि पाती फिरवून ती द्रवात मिसळावी लागते. यातून फेस उसळतो. तो शमवण्यासाठी तेल घालतात. तापमान 25 ते 27 अंशांच्या आसपास राखावे लागते. वाढणारी बुरशी स्वत:च उष्णता निर्माण करत असल्यामुळे गरम करण्यापेक्षा थंड करणे हेच मोठे काम असते. पुण्यातील उन्हाळ्यात त्यासाठी किती थंड पाणी लागेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

साखरेचे गणित तर उफराटे. भरपूर ग्लुकोज मिळाले, की बुरशी मजेत वाढते, पण पेनिसिलीन करत नाही. पहिल्या दीड-दोन दिवसांत ती वाढवून घ्यायची आणि नंतर तिला अर्धपोटी ठेवून साखर थेंबाथेंबाने द्यायची, तेव्हा कुठे औषध पाझरू लागते. सोबत फेनिलॲसेटिक आम्ल बेताने दिले जाते. त्यातूनच 'पेनिसिलीन जी' घडते. ते अधिक झाले, तर बुरशीलाच बाधते. अशी पाच ते सात दिवसांची ही राखण असते.

या काळात एखादी झडप गळकी निघाली किंवा हवेच्या गाळणीतून परका जीवाणू आत शिरला, तर? काही जीवाणू पेनिसिलीन फोडणारे विकर तयार करतात. आठवडाभर जपलेल्या टाकीतील औषध ते नष्ट करू शकतात. बिघडलेली बिअर निदान आंबट तरी लागते. बिघडलेल्या पेनिसिलीनचे काहीच उरत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णासाठी ते इंजेक्शन जीवन-मरणाचा प्रश्न असते, हे लक्षात घेतले, की टाकीजवळच्या पाळीतील कामगाराच्या दक्षतेचे मोल कळते.

पिंपरीने केवळ परक्या बुरशीची राखण केली असे नाही. येथील मातीतून वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवाला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव मिळाले. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून 1960 च्या दशकाच्या आरंभी 'हमायसिन' हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. कॅन्डिडा या यीस्टमुळे होणाऱ्या संसर्गांवर ते वापरले गेले. एका गावाच्या नावाचा सूक्ष्मजीवशास्त्रात असा कायमचा शिरकाव होणे ही दुर्मीळ गोष्ट. शहराच्या औद्योगिक लौकिकात तिचा उल्लेख क्वचितच होतो, हे मात्र खेदजनक आहे.

पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलीनपुढे देशातील किण्वन उद्योग टिकला नाही. पिंपरीतील मूळ पेनिसिलीनचे उत्पादनही त्यातच बंद पडले. कंपनीचे काम तयार औषधांवर आले. कच्चा माल बाहेरून, बाटली आणि लेबल आपले, अशी देशाची अवस्था झाली. कोविडच्या साथीत या परावलंबनाची तीव्र जाणीव झाल्यावर केंद्र सरकारने 2020 मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली आणि तिच्या यादीत पेनिसिलीन जी घातले. त्यातून आंध्र प्रदेशातील काकीनाडा परिसरात 2024 मध्ये मोठा प्रकल्प सुरू झाला. टाक्या, पंप आणि झडपा पैशाने विकत घेता येतात. उत्तम वाण आणि ते सांभाळणारे हात मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. पिंपरीत 1955 मध्ये त्यांची घडण सुरू झाली होती.