मामा कुठलं?

पाहुणा पाय धुऊन सोप्यात टेकला की आजी आतूनच विचारायची, "गाव कंचं? मामा कुठलं?" दोन-चार उत्तरांत पदर लागला, की चहात दूध सढळ पडायचं. (हे दुधाचं कदाचित मी पदरचं घालत असेन.)

कागलकडचं आमचं घर. सोयरीक बैलगाडीच्या टापूतली, कूळ तोलामोलाचं, देवक मात्र एक नको. मामाची मुलगी असली तर शोधायलाच नको! आजी स्वतः आजोबांच्या मामाची लेक. "चटणी किती घालायची ते इचारावं लागलं न्हाई मला," हे ती मिरवून सांगे. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, पुण्या-मुंबईची हिरवी नव्हे.

त्याच घरात आत्याआजी होती, आजोबांची थोरली बहीण. चांगल्या कुळात दिली आणि तेरा की चौदाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माघारी आली. गावात इतरांत पाट लागे. आम्ही पडलो कुळवाले. शाहू महाराजांनी 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, 1919 साली आंतरजातीय लग्नांचाही. आजोबा दोन्ही कायदे कौतुकानं सांगत, बहिणीचा विषय निघाला की पान लावायला घेत. 1924 मध्ये कागलच्या घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांकडे, म्हणजे मराठ्यांची धनगरांत गेली. महाराज तोवर वारले होते, पण हे घडवून आणण्याची धडपड त्यांचीच. सोप्यावर ती चर्चा पुढं कितीतरी वर्षं पुरली. निकाल एकच, राजांचं वेगळं असतं.

आंबेडकरांनी 1916 साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेला जातींवरचा निबंध मी फार उशिरा वाचला. जातीतच लग्नं लावायची, तर बाया-पुरुषांचा मेळ राखावा लागतो. नवरा गेला की मागं राहिलेली बाई त्या हिशेबात जास्तीची ठरते. म्हणून सती, नाहीतर जन्माचं वैधव्य. मला चुलीपुढची आत्याआजी आठवली. लग्नघरात शेकड्यानं पुरणपोळ्या तिनं लाटायच्या, ओटी भरायला मात्र दुसरी कुणी.

ऐंशीच्या सुमारास चुलतभावानं लिंगायत मुलगी पसंत केली. आजीनं अंथरूण धरलं. आत्याआजी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आनू द्या की. मला आपल्यातच दिलती न्हवं?"

लग्न रजिस्टर झालं. पंगतीत आजीनं नुसता आमटी-भात चिवडला. उन्हाळ्यात मात्र मिरच्यांचं पोतं घेऊन नव्या सुनेबरोबर डंकावर तीच गेली.