एका जेवणाची गोष्ट: मुंबई ते जालना

समजा रविवार आहे. तुम्ही चाकूरमध्ये आहात आणि पुण्यातल्या एका मोठ्या चर्चची उपासना मोबाईलवर लाइव्ह लागलीये. गाणी छान, प्रवचन त्याहून छान. मग गावातल्या पंधरा-वीस जणांच्या मंडळीत कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आज थोडं मागे जाऊ.

साल १८४३, मुंबई. नारायण शेषाद्री आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत. निजामाच्या मुलखातलं ब्राह्मण घराणं, शिक्षण स्कॉटिश मिशनरींच्या शाळेत. नारायणानं बाप्तिस्मा घेतला. श्रीपतही मिशनरींच्या घरी राहायला गेला, पण तो लहान होता म्हणून कोर्टानं त्याला वडिलांकडे सोपवलं. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. म्हणजे विषय संपला ना? नाही संपला. कारण पोरगं मिशनरींच्या घरी जेवलं होतं! 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्या. त्यावरून मोठा वाद पेटला आणि खुद्द बाळशास्त्रींना सनातन्यांचा रोष ओढवून घ्यावा लागला.

लक्षात घ्या, त्या पोराच्या मनात काय आहे हे फारसं कुणी विचारलं नाही. तू कुणाबरोबर जेवलास, एवढंच विचारलं.

आता वीसेक वर्षं पुढे, आपल्या मराठवाड्यात. तेव्हा जालना काय नि चाकूर काय, सगळं निजामाच्या राज्यात. नारायण शेषाद्री आता पाळक झालेत आणि जालन्याला काम करतायत. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली आणि तिथं वस्ती उभी राहिली. नाव 'बेथेल', म्हणजे हिब्रू भाषेत देवाचं घर. नव्यानं ख्रिस्ती झालेले बरेच जण मांग आणि महार समाजातले. ज्यांची सावलीही गावाला नको होती, त्यांच्यात हा ब्राह्मण घरातला माणूस राहायला लागला. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत बोलून आले, आणि परत जालन्यालाच आले.

वस्ती कशाला हवी होती? धर्म बदलला की सोयरे तुटायचे, काम जायचं, पाणी बंद व्हायचं. प्रवचन एकट्यानं ऐकता येतं. पण वाळीत पडल्यावर जगायला शेजारी लागतो. ख्रिस्ती मंडळी ज्याला 'सहभागिता' म्हणतात, तिचा अर्थ तेव्हा इतका साधा होता: माझ्या घरी ये, बस, जेव.

म्हणून प्रभुभोजनाकडे बघा. एकच भाकर मोडून सगळ्यांनी वाटून घ्यायची. जातीनं ताटं वेगळी करणाऱ्या समाजात ही केवढी मोठी गोष्ट! आता खरं सांगायचं तर जात चर्चमध्येही शिरलीच, सोयरिकी जमवताना ती आजही डोकं वर काढते. पण शेजारी बसल्याशिवाय ती मोडणारही नाही.

मोबाईल वाईट नाही हं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यानंच कितीतरी मंडळ्या जोडून ठेवल्या. अंथरुणाला खिळलेल्या आजीला आजही तोच आधार. पण तिच्या उशाशी बसून पेज भरवायला माणूसच लागतो, आणि ती आजारी आहे हे शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाच आधी कळतं.

तर येत्या रविवारी जाऊन बघा. आणि हो, डबा दोघांपुरता न्या.