कमलबस्तीतील यात्रा

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, पैलतीरी नेणारी जागा. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्तीत हा अर्थ दगडात कोरलेला दिसतो. रट्टवंशीय चौथ्या कार्तवीर्याच्या बीचिराज नामक मंत्र्याने इ. स. १२०४ मध्ये हे जिनालय उभारिले. मंडपाच्या छतास उलटे कमळ आहे. त्याच्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान व भविष्य काळांचे ७२ तीर्थंकर, म्हणजे उतार दाखविणारे. त्याखालून आत गेले की नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती. विवाहाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी वरात परतविली व गिरनारची वाट धरिली, अशी जैन परंपरा आहे. यात्रेने मनुष्य पालटतो तो अशाच वळणावर. कपिलेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी हे कमळही एकवार मान वर करून पाहावे.