राबापासून रोपविक्रीपर्यंत : पावण्याचा वसंत

माघ उजाडला की मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात फुलझाडांची प्रदर्शने भरू लागतात. पिटुनिया, डेलिया, पॅन्सी यांच्या कुंड्यांच्या रांगा लागतात, त्यांवर बक्षिसांच्या चिठ्ठ्या चिकटतात, आणि मांडवाच्या एका अंगाला रोपांची, खताच्या पिशव्यांची, कुंड्यांची विक्री चालते. अलीकडे त्यात गच्चीवरची बाग शिकवणाऱ्या कार्यशाळांचीही भर पडली आहे. या सोहळ्याकडे निरुपद्रवी नागरी करमणूक म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्याच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहायचे आहे, आणि त्यासाठी आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे पावणे हे गाव समोर ठेवले आहे. आमचा प्रश्न साधा आहे. कोकणपट्टीत लावणीचा खरा मोसम मृगाच्या पावसाने सुरू होतो. मग रोपांचा उत्सव त्याआधी चार महिने का साजरा होतो? बागेचे हे पंचांग कोणाचे?

आज पावणे हे नाव बाहेरच्या माणसाला माहीत असते ते औद्योगिक वसाहतीमुळे. एका बाजूला पारसिकच्या डोंगररांगा, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मधल्या पट्टीत कारखाने. गावठाणात घरांवर घरे चढली आहेत. तरीही गल्लीतून चालताना रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली तुळस, फुटक्या बादलीतला अळू, गटाराच्या कडेला कसाबसा तग धरून राहिलेला शेवगा दिसतोच. याच शहरात विजेच्या उच्चदाब तारांखाली, जिथे इमारत बांधता येत नाही अशा पट्ट्यांत, रोपवाटिका पसरलेल्या आहेत. शहराला जी जमीन वापरता आली नाही तिच्यावर शहराची हिरवाई वाढते आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी या परिसराचा वसंत वेगळा होता, आणि तोही रोपांचाच होता.

त्या वसंताचे नाव राब. भाताची रोपे ज्या वाफ्यात काढायची, त्या वाफ्यावर शेण, झाडांचा छाटलेला टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वरून बारीक माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी, ते भाजायचे. जमीन भाजून निघाली की तण जळते, राख मिळते आणि पहिल्या पावसावर पेरलेले बी जोमाने उगवते. मग आषाढात ती रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावायची. खाडीलगतच्या आगरी गावांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर राब म्हणजे घरोघरची रोपवाटिका आणि वसंत म्हणजे ती सिद्ध करण्याचा काळ. मात्र तिथे विक्री नव्हती. कोणाचे रोप कमी पडले आणि शेजाऱ्याचे उरले, तर ते शेजाऱ्याकडून मागून आणले जाई. परसातला दुधी, काकडी, अळूचे कंद, शेवग्याची फांदी ही देवाणघेवाण त्याच रीतीची. मराठीत तिच्यासाठी नेमका शब्द आहे, वानवळा. पहिले फळ, पहिली भाजी शेजारच्या घरी जाते आणि तिच्यासोबत पुढच्या वर्षीचे बीही.

आमच्या वर्गात ‘राबणे’ हे क्रियापद सर्वांना ठाऊक असते. ‘राब’ हे नाम एकदा फळ्यावर लिहिले तेव्हा ते फार थोड्यांना ठाऊक असल्याचे आढळले. न कळणाऱ्यांत खाडीकाठच्या गावांतले विद्यार्थीही होते. त्यांच्या आज्यांनी तो डोक्यावरून वाहिलेला असणार. शब्द हरवण्याआधी त्याच्याखालची जमीन हरवलेली असते, आणि म्हणून हा विषय कृषिविद्येइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे असे आम्हांला वाटते.

राब कागदोपत्री मात्र हरवलेला नाही. 1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्याचे वर्णन आहे. लवकरच तो वादाचाही विषय झाला. राबासाठी टहाळ लागतो, टहाळासाठी जंगल लागते आणि जंगल तोवर सरकारी झाले होते. शेतकऱ्याने कोणत्या झाडाच्या फांद्या तोडाव्यात, किती तोडाव्यात, यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की सरकारला 1885 साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. रोप तयार करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता.

याच काळात, याच इलाख्यात, रोपांचे दुसरे एक जग बहरत होते. त्याचा उगम शोधताना मराठीच्या अभ्यासकाला एक ओळखीचा माणूस भेटतो. श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश प्रसिद्ध करणारा विल्यम केरी हा निष्णात वनस्पतिप्रेमी होता. 1820 साली कलकत्त्यात शेती व बागायतीची जी संस्था निघाली, तिचा तोच संस्थापक. या संस्थेच्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनांत देशी माळ्यांना बक्षिसे दिली जात. मराठीच्या कामात केरीला पंडित वैजनाथ शर्मा यांचे साह्य होते आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव टिकले. बागेतल्या सहकाऱ्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. बक्षीस घेणारा माळी आपल्याला सामान्यनाम म्हणूनच ठाऊक आहे.

मुंबईत त्याच धर्तीची पश्चिम हिंदुस्थानची संस्था 1830 साली स्थापन झाली. भायखळ्याची राणीची बाग ही तिचीच निर्मिती. 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली आणि 1873 साली, संस्थेचा डोलारा कोसळल्यावर, नगरपालिकेकडे आली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये त्या परंपरेचे पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरते. या प्रदर्शनांचे महिने ठरण्यामागे एक व्यवहार आहे. विलायती हंगामी फुले इथल्या पावसात कुजतात आणि वैशाखात करपतात. म्हणून पाऊस ओसरल्यावर त्यांचे बी पेरायचे आणि पौष-माघात फुले घ्यायची. साहेबाला आपल्या देशातला वसंत इथे थंडीतच उगवता येत होता. प्रदर्शनाची तारीख त्या फुलांनी ठरवली आणि आपण ती जशीच्या तशी पुढे चालवली. त्या दिवसांत ठाण्याचा शेतकरी राबासाठी टहाळ गोळा करत असे. त्याच्या रोपाला उगवायला अजून चार महिने होते. प्रदर्शनात मांडण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते.

या पंचांगाला पर्याय सुचवणारा माणूस याच काळात होऊन गेला, आणि आम्हांला या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा दुवा वाटतो. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. फूल हा ज्या घराचा उदीम होता, त्या घरातल्या माणसाला पुष्पप्रदर्शने अपरिचित असण्याचा संभव कमी. 1883 साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात ते सरकारला उपाय सुचवतात. धरणे, विहिरी, गुरांची पैदास यांबरोबर त्यांत एक सूचना प्रदर्शनांची आहे. दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात शेतपिकांच्या आणि औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असा तिचा आशय. असूडाचे वाचक या सूचनेवरून सहसा पुढे निघून जातात. आम्हीही बरीच वर्षे तसेच करत आलो. पण महिने पाहिले की तिचे मोल कळते. श्रावणात लावणी उरकलेली असते आणि शेत हिरवे असते. आश्विनात पीक हाती येऊ लागते. फुल्यांनी प्रदर्शनाची कल्पना नाकारली नाही. तिला शेतकऱ्याच्या पंचांगात आणून बसवले, आणि कुंडीतल्या फुलाबरोबर औत हाकणाऱ्या हातालाही परीक्षेस बसण्याचा मान मागितला.

स्वातंत्र्यानंतर 1950 साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि तो जुलैत ठेवला. पावसाचे पंचांग निदान वृक्षारोपणापुरते मान्य झाले. फुलांचे प्रदर्शन मात्र थंडीतच राहिले. पुढे 1975 साली महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. फुले, फळे, भाजीपाला आणि झाडे यांची प्रदर्शने वर्षातून निदान एकदा भरवणे आणि रोपवाटिका चालवून बी-रोपे पुरवणे ही कामे त्यात वृक्ष प्राधिकरणाच्या कर्तव्यांत गणली आहेत. महापालिकांची प्रदर्शने हौशी वाटली, तरी त्यांच्यामागे असा कायदा उभा आहे.

गंमत, किंवा खेद, असा की हा कायदा आला तेव्हा पावणे परिसरात रोपे काढणारी जमीन हातून जात होती. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि खाडीपलीकडची वसाहत त्या दशकात आकार घेऊ लागली. 17 मार्च 1970 रोजी सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा आराखडा पडला. जमिनीच्या मोलासाठीचा लढा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली पेटला. जानेवारी 1984मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. या इतिहासात मोबदल्याचा, भूखंडाचा, नोकरीचा हिशोब सापडतो. परसाचा, बियाण्याचा, राबाच्या वाफ्याचा हिशोब त्यात मांडायला रकानाच नव्हता. 1 जानेवारी 1992पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि कायद्यातली झाडांची जबाबदारी तिच्याकडे आली. ज्यांच्या घरी रोपवाटिका होत्या, त्यांना आता रोप विकत घेणारे नागरिक म्हणून प्रदर्शनाचे आमंत्रण मिळू लागले.

इथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह आम्ही आवरतो. राब भाजणे हे जीवघेणे काम होते. धुरात आणि आगीजवळ बायका-माणसे दिवस काढत, टहाळासाठी झाडे ओरबाडली जात, आणि लावणीच्या चिखलात वाकलेल्या कमरा म्हातारपणी सरळ होत नसत. जमीन गेल्याचे दुःख करणाऱ्या घरांनाही ते कष्ट परत नको असतात, आणि ते रास्तच आहे. शिवाय तारांखालच्या रोपवाटिकांवर आज अनेकांची चूल पेटते. तेव्हा प्रदर्शने बंद करावीत असे आमचे म्हणणे नाही. त्यांत कोणाचे ज्ञान ज्ञान म्हणून मांडले जाते आणि कोणाचे विस्मृतीत जाते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

त्याला वेगळे उत्तर देणारे प्रयोग मराठी मुलखात झाले आहेत. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे शेतकऱ्याला प्रयोगकर्ता मानले. थोड्या जागेत, सूर्यप्रकाशाचा आणि पालापाचोळ्याचा हिशोब ठेवून पीक घेण्याचे त्यांचे शास्त्र पुढे शहरांतल्या गच्च्यांवर पोहोचले. 2000नंतरच्या दशकात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडे आणि भाज्या वाढवल्या. टाकाऊ टहाळ-पाल्याचे अन्न करणे हे राबामागचे सूत्र तिथे आगीशिवाय अवतरले. ज्या हातांनी ते केले, ते बक्षिसाच्या चिठ्ठीची वाट पाहत नव्हते.

पावणे गावठाणातल्या रंगाच्या डब्यांकडे या दृष्टीने पाहिले की ते दारिद्र्याची खूण वाटत नाहीत. परस गेल्यावर परसाचे जेवढे वाचवता आले, तेवढे त्यांत आहे. अळूचा कंद अजूनही एका दारातून दुसऱ्या दारात जातो आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. सामुदायिक बागकाम नावाची जी चळवळ आपण बाहेरून आल्यासारखी शिकतो आहोत, तिची देशी वहिवाट या गल्ल्यांत क्षीणपणे का होईना, चालू आहे. विद्यार्थ्यांनी असूडाची टिपणे काढण्याबरोबर एकदा या गल्ल्यांतून हिंडावे, म्हाताऱ्या बायांना बियाण्यांची, वाफ्यांची, भाताच्या जातींची नावे विचारावीत आणि ती वहीत उतरवून घ्यावीत. असे शब्दसंकलन कोणत्याही प्रबंधाच्या तोडीचे ठरेल.

राहता राहिली तारीख. 1975च्या अधिनियमाने प्रदर्शन वर्षातून निदान एकदा भरवायला सांगितले आहे. त्यासाठी माघच हवा अशी अट त्यात नाही. ती सवय आपली आहे. माघातला मांडव फुलांना राहू द्यावा. त्याच्या जोडीला श्रावणात, लावणी उरकण्याच्या वेळी, आणखी एक मांडव पडावा, आणि त्यात पावण्याच्या एखाद्या आजीने आणलेला अळू, दुधीचे बी, राखेत जपलेले काकडीचे बियाणे मांडलेले असावे, चिठ्ठीवर तिच्या नावासकट.