वळू मोजून पाहिलेला गायींचा इतिहास

दुधाळ गायींच्या जातींचा इतिहास बहुधा लिटरमध्ये सांगितला जातो. या पाठात आपण तो वळूंच्या संख्येतून पाहू.

इंग्लंडमध्ये शॉर्टहॉर्न जात घडवताना कॉलिंग बंधूंनी ‘फेवरिट’ या वळूकडून त्याचीच आई भरवली आणि झालेली कालवडही पुढे त्याच्याकडूनच. त्यातून १८०४ साली ‘कॉमेट’ जन्मला. १८१० मध्ये तो हजार गिनींना विकला गेला. स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या गुणांकाने कॉमेटचे अंतःप्रजनन सुमारे ४७ टक्के भरते. एरवी बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासरात ते २५ टक्के असते.

तरी एका वळूला गायी भरवण्याची मर्यादा होती. १९३९ साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी भारतात कृत्रिम रेतन सुरू केले, तर १९४९ मध्ये ग्लिसरॉल वापरून रेत गोठवण्याची रीत इंग्लंडमध्ये सापडली. मग ही मर्यादा उरलीच नाही. अमेरिकेतला ‘चीफ’ हा १९६२ सालचा होल्स्टीन वळू सोळा हजार मुलींचा बाप झाला. मुली भरपूर दूध देत. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता. तो आई-बाप दोघांकडून आला की गर्भ टिकत नाही. जगभरात असे पाच लाखांवर गर्भ गेल्याचा अंदाज आहे. होल्स्टीनच्या वंशावळी काटेकोर लिहिलेल्या होत्या, हे विसरू नका. वंशावळीतून नाते कळते, बिघाड कळत नाही.

आता एक गणित करून पाहा. दहा हजार गायी, दहा वळू. नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करा, चारने गुणा, एकूण संख्येने भागा. उत्तर येते ४०. म्हणजे आनुवंशिक दृष्टीने हा कळप चाळीसच जनावरांचा! गायी दुप्पट केल्या तरी उत्तर जवळपास तेच. वळू दुप्पट केले तरच ते वाढते.

आपल्याकडे वंशावळीच नव्हत्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांतून ‘फुले त्रिवेणी’ घडवली, ती नोंदी ठेवून. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभारलेल्या बाएफने संकरित पैदास खेड्यापर्यंत नेली. पहिल्या संकरात अंतःप्रजनन जवळजवळ नाहीसे होते. धोका पुढच्या पिढीत असतो: त्याच वळूची रेतमात्रा त्याच्याच मुलीला दिली गेली, तर ते कुणाच्या लक्षात येणार?

इथे जनुकीय चिप उपयोगी पडते. आई आणि बाप यांच्याकडून आलेले गुणसूत्राचे लांबच लांब तुकडे हुबेहूब सारखे निघाले, तर समान पूर्वज जवळच्या पिढीतला. तुकडे आखूड, तर तो जुना. परदेशी चिपवरच्या खुणा परदेशी जातींवरून निवडलेल्या, त्यामुळे आपल्या जातींची विविधता त्यांनी नीट मोजली जात नसे. भारतीय जातींसाठीची ‘गौ चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये सादर झाली.

विदर्भातली गवळाऊ आणि रायपूर-दुर्ग पट्ट्यातली ठेंगणी कोसली या दुधाने मागे असलेल्या जाती. त्यांचे शुद्ध वळू सांभाळायला पैसा कोण घालणार, हा माझ्या मते चिपपेक्षा अवघड प्रश्न आहे. रायपूरच्या शंकर नगरातून हा पाठ वाचणाऱ्यांनी जवळच्या एखाद्या गावात जाऊन गोठ्यातली वही पाहावी. रेतकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो वहीत उतरवला आहे का, तेवढे तपासावे.